मिरजेचा गोल

चिंचबाव तालमीची फुटबॉल टीम उभी राहून अवघी नऊ वर्षं झाली होती. पण तालमीसमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींचं बोलणं ऐकलं तर कुणालाही वाटावं, हा खेळ यांच्या पणजोबांनीच काढला आणि साहेब लोक तो कोल्हापुरात येऊन शिकून गेले. घडलं होतं ते उलटं. गोरे साहेब मैदानावर चेंडूला लाथा मारताना तालमीतल्या पैलवानांनी कुंपणावरून पाहिले, आणि जोर-बैठका काढून उरलेली रग जिरवायला हे बरं आहे असं त्यांना वाटलं. वस्ताद आण्णांनी आधी सगळ्यांना शिव्या घातल्या. मग एके दिवशी धोतर खोचून स्वतःच एक लाथ मारून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी तालमीची टीम झाली.

कट्ट्यावरचा मोठा आवाज गणपतरावांचा. तालमीच्या दाराशीच त्यांचं चिरमुरे-फुटाण्यांचं दुकान होतं. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, पण टीमबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असे. हा मान त्यांना मिळाला होता तो मिरजेच्या गोलामुळे. आठ वर्षांपूर्वी, म्हणजे जर्मनशी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली, तालमीची पोरं मिरजेला जाऊन रेल्वेतल्या साहेबांच्या टीमला एका गोलानं हरवून आली होती. गोल मारला चमननं. कोल्हापूरहून खेळाडूंशिवाय कुणीच गेलं नव्हतं, पण गणपतराव त्या दिवसांत सासुरवाडीला, नृसिंहवाडीला होते. तिथून ते परस्पर मिरजेला गेले आणि गोलाच्या खांबामागं उभं राहून त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. निदान आठ वर्षं ते तसं सांगत आले होते.

आणि सांगत काय होते! चमननं चेंडू उजव्या पायाखाली दाबला, डाव्यावर घेतला, एका गोऱ्याला असा वळसा घातला की तो गोरा आपल्याच सावलीला धडकला. इथं गणपतराव थांबत. मूठभर चिरमुरे तोंडात टाकत. सगळा कट्टा ताटकळायचा. मग ते हात झटकून म्हणत, "आनि मग मारला!" रोज ऐकूनही लोक रोज ओरडायचे.

दसऱ्याला आठवडा राहिला असताना वस्ताद आण्णांनी कट्ट्यावर येऊन सांगितलं, की यंदा तालमीतर्फे मानाचा फेटा बांधायचा, पण पैलवानाला नाही. टीमच्या आजवरच्या सगळ्यांत थोर खेळाडूला.

झालं, वाद पेटला.

"गौस!" टांगेवाला फक्रुद्दीन ओरडला. "गौससारखा पळणारा पुन्हा हुनार न्हाय. माझ्या घोड्याला मागं टाकलतं त्येनं."

"तुझ्या घोड्याला माझी आज्जी बी मागं टाकंल," गुंडू म्हणाला. गुंडू टीमचा गोलकीपर. अंगानं दरवाजाएवढा.

"आनि गौस हाय कुठं?" गणपतरावांनी विचारलं. "लढाईत बसऱ्याला गेला, तिकडंच दुकान टाकून बसलाय. फेटा काय टपालानं धाडायचा?"

"मग मला बांधा," गुंडू म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. गुंडूनं पहिल्याच सामन्यात केलेला पराक्रम कोण विसरणार? समोरचा खेळाडू चेंडू घेऊन धावत आला. गुंडूनं चेंडू सोडला, माणूस धरला, धोबीपछाड मारली आणि छातीवर बसून पंचानं हात वर करायची वाट पाहत राहिला. चेंडू गडगडत गोलात गेला. पण प्रेक्षकही आपल्याच पेठेतले. त्यांनी फेटे उडवले, आणि सामना आपणच जिंकला असं समजून गुंडूला वाजतगाजत घरी नेलं.

"चितपट केलतं का न्हाय?" गुंडू अजून विचारायचा.

शेजारी कृष्णात म्हशीची धार काढत होता. तालमीतल्या पैलवानांना ताजं दूध पाजायला तो रोज संध्याकाळी दोन म्हशी कट्ट्यापाशी आणी. तोही टीममध्ये होता, एका कडेला खेळायचा. पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्यानंही घेतलं नाही. तो पेले भरून देत राहिला.

"चमन," गणपतराव म्हणाले. "दुसरं नाव काढू नका. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग ठरलं," आण्णा म्हणाले. "चमन गारगोटीला असतोय, त्येला सांगावा धाडा. पर तालमीच्या रिवाजानं व्हायला पायजे. हौदातली माती मुठीत घिऊन साक्ष द्यायची, मग फेटा. गणपतराव, साक्ष तुमची."

गणपतराव हो म्हणाले. म्हणावंच लागलं. पण हातातले चिरमुरे त्यांनी न खाताच खाली ठेवले. कुस्तीच्या हौदातली तांबडी माती हातात घेऊन खोटं बोलायचं नाही, हा तालमीचा नियम चोरसुद्धा पाळत. एकदा तालमीच्या नारळाच्या झाडाखाली सापडलेल्या भुरट्यानं माती हातात देताच सगळे नारळ कबूल केले होते, मागच्या वर्षीचेही.

घरी गेल्यावर धोंडुबाईंनी भाकरी वाढली, तर नवऱ्याचं ताटाकडं लक्ष नाही. दोन वेळा विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

"मातीवर?" धोंडुबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अवो, त्या दिशी तुमी माझ्या म्हायारी भाच्याच्या बारशाला हुता. पाळन्याची दोरी तुमच्याच हातात हुती. दुपारभर झोपला आनि सांजच्याला गाडी धरली."

"हळू बोल की."

"आठ वरसं मी गप बसले. कट्ट्यावरनं आला की तुमचं त्वांड कसं फुललेलं असतंय, म्हनून. आता माती हाय म्हटल्यावर बघा बाबा."

झालं होतं ते अगदी साधं. वाडीहून परतताना मिरज स्टेशनात एका हमालानं सांगितलं, की कोल्हापूरच्या पोरांनी साहेबांना एका गोलानं हाणलं. त्याच गाडीनं टीम परतली. कोल्हापुरात चमनला खांद्यावर घेऊन पोरं नाचत होती. गणपतराव पिशवी घेऊन मागून उतरले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "गणपतराव, सामना बघितला काय?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बघितला की!" पुढचं सगळं त्या एका शब्दामागून आपोआप आलं. पहिल्या वर्षी वळसा आला, दुसऱ्या वर्षी गोऱ्याची सावली. आता हे सगळं हातचं गेलं तर आपल्याकडं राहतं काय, हे त्यांना कळेना. चिरमुरे कुणीही विकतं. कट्ट्यावर दुसऱ्या दिवसापासून आपल्याला कोण ऐकणार?

जोतिबाला निघून जावं, असंही त्यांच्या मनात आलं. देवाला जायला कोण नको म्हणतो? पण धोंडुबाईंनी पिशवी भरून द्यायला साफ नकार दिला.

दसऱ्याच्या सकाळी ते गावाबाहेर गारगोटीच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. चमनला आधीच गाठायचं आणि पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. दहाच्या सुमारास चमनची बैलगाडी आली. चमन आता चांगला अंगानं सुटला होता, दाढीत एक-दोन केस पांढरे. त्यानं गणपतरावांना गाडीत घेतलं.

"चमन," गणपतराव बैलांकडं बघत म्हणाले, "तुझा त्यो गोल मी बघितल्याला न्हाय. मी मिरजंला नव्हतोच."

चमननं त्यांच्याकडं पाहिलं. मग तो इतका हसला की गाडीवानानं मागं वळून पाहिलं.

"आनि त्यो गोल मी मारल्याला न्हाय," चमन म्हणाला.

गणपतरावांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय.

"खरंच न्हाय. धुरळा असा उडालता की हात दिसंना. मी चेंडूमागं पळालो, पाय अडकला, आनि गोलकीपरच्या अंगावर पडलो. चेंडू मागनं कृष्णातनं हानला. अनवानी पायानं. अंगठ्याचं नख उपटलं त्येचं. त्यो पाय धरून तिकडं बसला, आनि मी गोलातनं उठून उभा राहिलो. पोरांनी मलाच उचललं."

"मग तू सांगितलं का न्हाईस?"

"सांगनारच हुतो, खाली उतरल्यावर. पर कोल्हापूरपातूर कुनी उतरवलंच न्हाय. आनि हितं आलो तर तुमी सांगालता, चमननं असा वळसा घातला, डोळ्यांनी बघितलं म्हनून. मला वाटलं, गनपतरावांनी बघितलंय, तवा आपलंच कायतरी चुकतंय. पुढं म्हैन्याभरात मी गारगोटीला गेलो." चमन गंभीर झाला. "गारगोटीत मी बी तुमचीच गोष्ट सांगतोय. पर मातीवर न्हाय सांगनार. तुमी आधी बोला, न्हायतर मी बोलतो."

उरलेल्या वाटेत गणपतरावांच्या डोळ्यांपुढं कट्टा होता, आणि कट्ट्याच्या कडेला म्हशीपाशी बसलेला कृष्णात. मिरजेची गोष्ट सुरू झाली की धारेचा आवाज थांबायचा. गणपतरावांना वाटे, कृष्णातला आपली गोष्ट फार आवडते. आठ वर्षं तो माणूस स्वतःचाच गोल दुसऱ्याच्या नावानं ऐकत बसला होता, आणि वर पेला भरून गणपतरावांच्याच हातात देत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. भीतीपेक्षा ती लाज जास्त होती.

दुपारी तालीम माणसांनी भरली. हौदाच्या काठाला झेंडू लावला होता. चमनला बघायला लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढले होते. आण्णांनी हौदातली माती उचलून गणपतरावांच्या हातात दिली.

"बोला. डोळ्यांनी बघितलं तेवढंच."

गणपतरावांनी मूठ आवळली. "मी," ते म्हणाले, "मिरजंला न्हवतोच. वाडीला बारशाला गेलतो. काय बी बघितल्यालं न्हाय. आजवर सांगितलं ते सगळं माझ्या मनाचं."

मागच्यांनी काय झालं म्हणून पुढं रेटारेटी केली.

"आठ वरसं?" फक्रुद्दीन म्हणाला. "मी टांगा सोडून तुमचं ऐकत बसलतो, आठ वरसं?"

"आनि ती सावली?" गुंडूनं रडवेल्या आवाजात विचारलं. "मी दुसऱ्या टोकाच्या गोलात, मला नुसता धुरळाच दिसलता. गोरा सावलीला धडकला ते तरी खरं हाय न्हवं?"

"ते बी न्हाय. आनि अजून एक सांगतो. गोल चमनचा न्हाय. कृष्णातचा हाय."

चमननं पुढं होऊन माती घेतली आणि धुरळ्यापासून नखापर्यंत सगळं सांगितलं. गुंडू कपाळावर हात मारून म्हणाला, की त्या दिवशी गाडीत कृष्णातच्या पायाला आपणच चिंधी बांधली होती, पण कशानं लागलं हे विचारायचं राहून गेलं. एकच गलका झाला. कुणी गणपतरावांना हसत होतं, कुणी शिव्या देत होतं. गणपतराव मान खाली घालून उभे राहिले.

आण्णांनी कृष्णातला हाक मारली. सणासाठी दुपारीच धार काढून तो दारात उभा होता, हात अजून दुधाचे.

"का रं कृष्णात? खरं का?"

"व्हय."

"मग आजपातूर बोलला का न्हाईस, मर्दा?"

कृष्णातनं हात धोतराला पुसले. "पयल्या दिशी बोलनार हुतो," तो म्हणाला. "आलो तर गनपतराव सांगालते. एवढं झ्याक सांगालते की मदी बोलायचं जिवावर आलं. म्हटलं, संपल्यावर बोलू. संपलं तर समदी माणसं नाचालती. मग रोजच तसं झालं."

आण्णांनी त्याला हौदाच्या काठावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं फेटा बांधला. भगवा, कोल्हापुरी, लांब तुऱ्याचा. सगळ्यांत आधी चमननं हात वर करून आरोळी ठोकली, मग अख्खी तालीम ओरडली. गणपतराव त्या गडबडीत दाराकडं सरकत होते. दुकान आठ दिवस बंद ठेवावं असा त्यांचा विचार चालला होता.

"गनपतराव, कुठं निघालाय?" कृष्णातनं हाक दिली. "बसा हितं. गोल सांगा."

गणपतराव थबकले. "आता कसला सांगू, बाबा? मी न्हवतो हे समद्यांना कळलंय."

"मी हुतो की. पर मला अंगठ्याबिगर काय बी आठवत न्हाय. म्हनून तर रोज ऐकत हुतो, आपुन मारला कसा ते कळावं म्हनून." तो थोडा लाजला. "आठ वरसं चमनच्या नावानं ऐकला. एकदा माझ्या नावानं ऐकू द्या की."

कुणी हसलं नाही. फक्रुद्दीन बाजूला सरकला आणि त्यानं गणपतरावांना जागा करून दिली. ते बसले. त्यांनी घसा साफ केला.

"तर कृष्णातनं," ते म्हणाले, "चेंडू उजव्या पायाखाली दाबला."

कृष्णातचे डोळे भरून आले. फेटा सरळ करत तो आणखी जवळ सरकून बसला.

"सावली ठेवा," गुंडू हळूच म्हणाला. "सावली काढू नगा."