हरणींची ताटली

माझ्या नवऱ्याचं नाव झहूर. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आमच्या बाणकोटात मानतात, पण एकदा सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांना ‘हे’च म्हणणार आहे. कुवेत स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वसंतातली ही गोष्ट. शहरापासून दूर वाळवंटात, तारेच्या कुंपणाआड, अर्बाबच्या शिकारीच्या रानात आम्ही दोघंच राहत होतो. अर्बाब म्हणजे मालक. तो शहरात, बनेद अल-गारला समुद्राकाठच्या घरात राहायचा. आमचा पासपोर्टही तिथेच, त्याच्या कपाटात. पासपोर्ट एकच, माझं नाव ह्यांच्याच पासपोर्टात लिहिलेलं. हे निघाले तरच मी निघणार.

आणि मला निघायचं होतं. पहिलटकरीण होते मी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा काय माझ्या घरचा हट्ट नव्हे, आमच्याकडे सगळ्याच मुली जातात. आईने परसातली खोली सारवून घेतली असणार, सुईणीला सांगून ठेवलं असणार. फार दिवस भरले की आगबोटीवर घेत नाहीत. म्हणून हिवाळ्यातच ह्यांनी अर्बाबकडे रजा मागितली.

अर्बाबने लहानपणी बापाबरोबर मुंबईत खजुराचा व्यापार केलेला, हिंदुस्तानी त्याला झकास यायची. तो म्हणाला, “झहूर, अभी कैसे जाएगा? बहार में हरनी ब्याएगी. बच्चे बड़े हो जाएँ, फिर देखेंगे.”

वर त्याने हरणींच्या बाळंतपणाचे नियम ऐकवले. व्यायला आलेली हरणी आपली जागा आपणच शोधते, तिथून तिला हलवायचं नाही. अर्फजची झुडपं तोडायची नाहीत, पाडसं त्यांच्याच आडोशाला लपतात. वाळवंटात फिरणाऱ्या बदूंच्या मेंढ्या आत येऊ द्यायच्या नाहीत, कोवळं गवत हरणींनाच राहिलं पाहिजे. शिकारी कुत्री वसंत सरेपर्यंत शहरातच बांधलेली. मी चहा घेऊन उभी होते, पोट पुढे आलेलं. हरणीला तिची जागा लागते, हे त्या माणसाला बरोबर कळत होतं.

काम मात्र आम्ही इमानाने केलं. खारट विहिरीचं पाणी हौदांत भरायचं, शेवाळ खरवडायचं, वाऱ्याने कुंपणाशी साचलेली वाळू उपसायची. तिथे हुबारा नावाचे पक्षी होते, कोंबड्यापेक्षा मोठे, जमिनीवरच अंडी घालणारे. त्यांची पिल्लं पाण्यात पडली तर चढून वर येता यावं म्हणून मी हौदांत दगड रचले. पाऊस बरा झाला होता, अर्फज पिवळा फुलला होता. सगळीकडे जन्माची तयारी चालली होती, आणि मी रोज कुंपणापर्यंत जाऊन परत यायची.

मग मला रियाजची ऐकलेली गोष्ट आठवली. रियाज आमच्या आधीचा राखणदार. त्याने एक पाडस हाताने वाढवलं. शिकारीच्या दिवशी ते पळायचं सोडून बंदुकीकडेच चालत आलं, आणि पाहुणे पोट धरधरून हसले. अर्बाबची अशी नाचक्की झाली, की त्याने रियाजच्या अंगावर पासपोर्ट फेकला आणि पहिल्या आगबोटीने त्याला घरी धाडला.

ह्यांच्या लेखी रियाजचं नशीब फुटलं होतं. मला वाटलं, काय नशीबवान माणूस!

बाणकोटात आमच्या घरी शेळ्या होत्या. चारा घातला की आई ताटली वाजवायची, शेळ्या कुठूनही धावत यायच्या. मी तेच केलं. खजुराच्या बिया पाण्यात भिजवल्या, त्यात भाताची पेज ओतली, आणि जर्मनची ताटली पळीने वाजवायला लागले. पहिले काही दिवस हरणी लांबूनच कान टवकारून बघायच्या. मग एक म्हातारी हरणी आली. मग तिच्यामागून दुसऱ्या.

ह्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अगो, काय करतंस? अर्बाब आपल्याला हाकलून देल!”

“मना तेच हवाय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बिया मात्र ह्यांनीच भिजत घातल्या.

हरणी व्यायल्या. मला आता वाकवत नव्हतं, तरी ताटली चुकवली नाही. वाळूच्या रंगाची पाडसं आयांच्या मागून लटपटत यायची आणि माझ्या झग्याला नाक लावायची. त्यांचा मला लळा लागत होता, खोटं कशाला बोलू? पण रोज रात्री मी पेटी भरल्यासारखी मनात लुगडी मोजायची.

आणि अर्बाब आला. दोन मोटारी, बरोबर शहरातले चार पाहुणे आणि त्याची म्हातारी आई. येत्या हिवाळ्यातल्या शिकारीसाठी जनावरं कशी काटक, कशी रानटी झालीत, ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. दुर्बिणी गळ्यात लटकवून सगळे उभे राहिले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पांढरेफटक पडले होते, पण त्यांनी मान डोलावली.

मी ताटली वाजवली.

झुडपाझुडपांतून हरणी निघाल्या, पाडसांसकट, आणि दुडक्या चालीने सरळ आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. एक पाहुणा फिस्सकन हसला. अर्बाबचा चेहरा लालबुंद झाला. त्याने माझ्याकडे बोट केलं, तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर बाणकोटची खाडी उभी राहिली.

तेवढ्यात म्हातारी मोटारीतून उतरली. तिने माझ्या हातातून मूठभर बिया घेतल्या. एका पाडसाने तिच्या तळव्यात तोंड घातलं आणि ती रडायलाच लागली. तिच्या लहानपणी काळ्या तंबूंच्या भोवती अशीच हरणं फिरायची, मग बंदुका आणि मोटारी आल्या आणि सगळी संपली, असं ती अरबीत सांगत होती. अर्बाब मला अर्थ सांगत होता आणि सांगता सांगता तोही एका पाडसाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

“अम्मा बोलती है,” तो शेवटी म्हणाला, “यहाँ अब बंदूक नहीं चलेगी.”

मला बरं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्याच आनंदात मी धीर केला आणि म्हटलं, “अर्बाब, मुझे माँ के पास जाना है. पहला बच्चा है.”

त्याने आईला सांगितलं. म्हातारीने माझ्या पोटावर हात ठेवला. कोमट, हलका हात, माझ्या आईचा असावा तसा. ती हसून काहीतरी म्हणाली. अर्बाब खुशीत आला.

“बोलती है, मैं इसकी माँ. दाई भेजूँगी, यहीं पक्का कमरा बनवाऊँगी. तू जाएगी तो ये हरनियाँ किसके पास आएँगी? तुम दोनों अब कहीं नहीं जाओगे.”

तो रागावला असता तर मी हात जोडले असते, भांडले असते. इतक्या मायेने बोलणाऱ्या बाईपुढे काय करायचं? हे माझ्याकडे बघत नव्हते. म्हातारीने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मोटारी निघून गेल्या.

गडबडीत कुंपणाचं मोठं दार उघडंच राहिलं होतं. मी दारात गेले. हरणी माझ्यामागून आल्या. पुढे वाळवंट होतं, मोकळं, दिसेल तिथवर. म्हाताऱ्या हरणीने बाहेर मान काढून बघितलं आणि परत फिरून माझ्या हातातली ताटली हुंगायला लागली. बाहेर जायचं ते कुठे, हे तिला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. आगबोटीचा धक्का, मुंबई, लाँच, खाडी, परसातली सारवलेली खोली, सगळं तोंडपाठ होतं. पोटातल्या बाळाने लाथ मारली. मी ताटली काखेत धरली, दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.