समुद्राच्या बाजूची जागा

"बाबांना काय दाखवणार तू, आई? जन्मभर त्याच रस्त्यावर बस चालवलीय त्यांनी," असं म्हणून साबातो हसला, आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

हा आमचा एकुलता एक मुलगा. दिवसभर फोन कानाला लावून परक्या लोकांच्या सहली आखतो. सकाळी होडीनं कुठं जायचं, दुपारी कुठल्या लिंबाच्या बागेत जेवायचं, मावळतीला कुठल्या कठड्यावर बसायचं, हे स्वीडनच्या कुणा म्हातारीला तासभर लाडीगोडीनं सांगेल. सख्ख्या आईबापाची सहल म्हटली की त्याला हसू फुटतं.

"बस चालवलीय. किनारा बघितलेला नाही," मी म्हणाले.

हे अगदी खरं होतं. आमच्या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर सांगायचे, समुद्राकडे बघणारा समुद्रातच जातो. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोंका गावाच्या वळणावर, कड्याच्या कोनाड्यातल्या माउलीच्या मूर्तीपुढं बस थांबवून ते शपथ घ्यायचे की चाकावर हात असेतो नजर रस्त्यावरून हलवणार नाही. बाकीच्यांनी ती पाळली न पाळली, आमच्या अनियेल्लोने मात्र देवाचं वचन असल्यासारखी पाळली. एकदा खाली डॉल्फिन उड्या मारत होते. अख्खी बस उभी राहून ओरडत होती, मीही त्यात होते. हा ढिम्म. घरी आल्यावर मलाच विचारतो, कसे दिसत होते गं?

निवृत्त झाल्यावर तरी बघेल म्हटलं, तर गुडघे धरले. आणि या वसंतात सालेर्नोच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळे चाललेत, हळूहळू जातील, बघायचं ते बघून घ्या. अनियेल्लोने टोपी घातली आणि वाटेत टोमॅटोची रोपं घ्यायची आठवण केली. मला मात्र त्या रात्री झोप नाही. माझ्या नवऱ्याने जगातला सगळ्यात देखणा किनारा न बघता आंधळं व्हायचं? आणि लोक कुठून कुठून विमानं करून येतात तो बघायला!

म्हणून मी स्वयंपाकघरात बसून बेत आखला. आमच्या प्रायानोहून बसनं अमाल्फी, तिथं देवळाच्या पायऱ्यांखाली कॉफी. मग आत्रानीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मिनोरीत लिंबाची पेस्ट्री, पुढं चेतारात ताजे मासे. आणि सगळा प्रवास समुद्राच्या बाजूच्या, पहिल्या जागेवर बसून. अनियेल्लो समोर बसून मान डोलवत होता. हल्ली तो माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. एवढं मी त्याच्यासाठी राबतेय आणि ह्याचं लक्ष भलतीकडेच, असं वाटून मी त्याच्यावरही खेकसले.

आत्रानीला साबातोची खोली आहे. त्याची कसली, माझ्या आईची. मी त्याच खोलीत जन्मले. बाल्कनीत उभं राहिलं की खाली सगळा समुद्र. ती दोन रात्रींसाठी मागितली, तर हा म्हणतो, हंगामभर बुक आहे.

"मागची देऊ का? झोपायलाच तर जायचंय तुम्हाला."

मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते आणि त्याच्या एसीचं पाणी ठिबकताना ऐकू येतं.

"तुझ्या बापाला भिंत बघायची नाहीये रे," मी म्हणाले. "आणि ज्या बाल्कनीचं भाडं खातोस ना, तिथं तुझ्या आजीनं माझे लंगोट वाळत घातलेत. ठेव तुझी खोली."

तो पुन्हा फोनकडे वळला. बापाच्या डोळ्यांचं त्याला माहीत नव्हतं, सांगायचं नाही अशी अनियेल्लोने मला शपथ घातली होती. बाप्याच्या जातीला शपथांची भारी हौस. मी चेताराच्या मामेबहिणीला फोन करून मुक्काम तिच्याकडे ठरवला.

निघालो त्या दिवशी आम्ही दोघं रविवारचे कपडे घालून थांब्यावर उभे. पहिली बस आली, भरलेली. न थांबता गेली. दुसरी आली, तीही भरलेली. ड्रायव्हरने अनियेल्लोला ओळखलं, हात कपाळाला लावून अदबीनं सलाम केला आणि तोही गेला. मला असला संताप आला म्हणता. सलाम कसले करता मेल्यांनो, दार उघडा! आमचंच गाव, आमचाच रस्ता, आणि आम्ही पिशव्या घेऊन उन्हात उभे, आपल्याच घराबाहेर चपला सांभाळत बसल्यासारखे.

अनियेल्लो म्हणाला, "भरल्या बसनं थांबायचं नसतं. मीही थांबलो नसतो. चल, घरी जाऊ."

तिसरी बस वळणावर भोंगा वाजवत आली तेव्हा मी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ब्रेक करकचले. आत ब्याजो होता, अनियेल्लोच्याच हाताखाली शिकलेला.

"मरायचंय का काकू?" तो खिडकीतून ओरडला. मग त्याची नजर मागं गेली. "उस्ताद! तुम्ही?"

"उस्तादला आत घे, नाहीतर माझ्यावरून बस ने," मी म्हणाले.

त्याने दार उघडलं. पहिल्या जागेवर, समुद्राच्या बाजूला, एक तरुण जोडपं फोनवर चित्रण करत बसलं होतं. मी हाताने ऊठ म्हणून खूण केली. भाषा कळली नसेल, चेहरा कळला. दोघं उठले. अनियेल्लोला खिडकीशी बसवलं, पिशवी मांडीवर घेऊन मी शेजारी टेकले, तेव्हा कुठं माझा जीव थाऱ्यावर आला.

बस सुटली. कडा सरला आणि उजवीकडे सगळा समुद्र उघडा पडला, ऊन लागून लखलखणारा. मी त्याचं कोपर दाबलं आणि बघ म्हटलं. हा सरळ समोर, रस्त्याकडे. वाटलं, नंतर बघेल. फुरोरेचा पूल गेला, खाली होड्या दिसल्या. हा समोरच. प्रत्येक वळणाला उजवा पाय खाली दाबतोय, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. कोंकाचं वळण आलं, कोनाड्यातली माउली गेली, ह्याने छातीवर क्रूस केला आणि पुन्हा नजर रस्त्यावर.

मग माझा तोल सुटला. सगळी बस ऐकतेय याचं भान राहिलं नाही.

"अरे, कुणासाठी केलं मी हे सगळं? पोराशी भांडले, बससमोर उभी राहिले. आणि तू अजून रस्ताच बघतोयस? शपथ सुटली तुझी, चाक दुसऱ्याच्या हातात आहे. बघ ना रे एकदा समुद्राकडे!"

ब्याजोने आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. अनियेल्लो हलला नाही.

"समुद्राकडे बघितलं की समुद्र दिसत नाही," तो हळू म्हणाला. "ज्याच्याकडे बघतो त्याच्या जागी काळा डाग येतो. हिवाळ्यापासून. कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून रस्त्याकडे बघतोय. समुद्र कडेला येतो मग. निळा आहे. एक पांढरी होडी चाललीय बघ, पाठीमागं शेपूट सोडत."

मी बघितलं. होडी होती.

"डॉक्टरांना सांगितलं होतं मी. तुला सांगू नका म्हटलं."

इतके महिने मी त्याला काय काय बोलले होते ते एकेक आठवत गेलं. कॉफी कपाबाहेर सांडली म्हणून. बहिणीला ओळखलं नाही म्हणून. कानाकडे बघतो म्हणून.

ब्याजोने गाडी हळू केली. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, त्याने वाजवू दिले.

अनियेल्लोने मान वळवली आणि माझ्या कानाकडे बघितलं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "दिसतंय मला."