धुरपताबाई खांबावर चढली

हिंगोलीत कयाधू नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला रंगारगल्ली होती. बरीचशी घरं रंगाऱ्यांची, चार मुसलमान रंगरेजांची. लुगडी आणि पटके रंगवायचं काम दोघांचं एकच, म्हणून भट्टी सामाईक, विहीर सामाईक आणि ओलं कापड वाळवायचे ताडासारखे उंच खांबही सामाईक. गल्लीच्या तोंडाशी हिरासिंगचं फोटोचं दुकान होतं. त्याचा बाप इथल्या छावणीत शिपाई होता. छावणी उठली, पलटण गेली, बाप मात्र इथंच राहिला. हिरासिंग त्यामुळं अर्धा हिंदी, अर्धा मराठी बोलायचा आणि गल्लीत काही घडलं की कुणी न बोलावता कॅमेरा, त्याचं तिकाटणं आणि काळं फडकं घेऊन हजर व्हायचा. काढलेला फोटो चौकटीत घालून दुकानाच्या भिंतीवर लावायचा. अशी त्या भिंतीवर रंगारगल्ली दरवर्षी थोडी थोडी चढत गेली.

पहिला फोटो चौतीस सालचा. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा. काठावर गल्लीतले सगळे पुरुष पागोटी बांधून बसलेले, मध्यभागी तातेराव. तातेराव म्हणजे गल्लीतला वडीलधारा माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. बायांना त्यानं कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायला सांगितलं होतं. फोटोच्या उजव्या कडेला घागरीच्या काठावर टेकलेला एक हात तेवढा आला. तो हात धुरपताबाईचा.

ती त्या वेळी मसाजी रंगाऱ्याची नवी नवरी होती. फोटो भिंतीवर लागला तेव्हा ती पाहायला गेली आणि हिरासिंगला म्हणाली, "निम्मी माती तर बायांनीच उपसली. इथं निस्ती पागोटीच बसलीत."

"तातेराव बोले, बायकांचं काय काम," हिरासिंग म्हणाला.

"मंग विहीर बी त्याईलाच खणू द्यायची व्हती."

पुढं मसाजी तापानं गेला. लेकरूबाळ नव्हतं. तिच्या माहेरचे न्यायला आले तर ती गेली नाही. धाकटा दीर लखमा आणि त्याची बायको यांच्यासोबत राहिली आणि मसाजीचं काम उचललं. त्या कामात खांबावर चढणंही आलं. रंगवलेली लांब कापडं वरच्या दोरीला बांधायची तर कुणाला तरी चढावंच लागे. मसाजी चढायचा. मग धुरपताबाई कासोटा घट्ट मारून चढू लागली. आधी तातेरावानं तोंड फिरवलं, दोन-चार जण कुजबुजले. पण लग्नसराईत कापडाचे ढीग पडले तेव्हा सगळेच खालून ओरडायला लागले, "धुरपता, आमची बी दोरी ताण!"

हिरासिंगच्या भिंतीवर त्या लग्नसराईचा फोटो आहे. गल्लीभर लुगडी वाऱ्यावर फुगलेली, पुढं हुक्का ओढणारा बाबूमिया रंगरेज, आणि एका लुगड्याखाली दिसणारे दोन पाय. त्याच्या शेजारी पुराचा फोटो. गल्लीत कमरेइतकं पाणी, पुरुष माळवदावर, आणि पाण्यातून शेळी ओढत नेणारी एक पाठमोरी बाई. पाय आणि पाठ, दोन्ही तिचेच.

सत्तेचाळीस साली ऑगस्टात इंग्रज गेले, पण आमच्याकडं निजामाचंच राज्य राहिलं आणि तिरंगा लावायला बंदी आली. रंगाऱ्यांच्या गल्लीत तीन रंग ही काय मोठी गोष्ट. बाबूमियानं हिरवा काढला, केशरी लखमाच्या बायकोनं. पंधरा तारखेला सकाळी पावसाची भुरभुर होती. झेंडा तयार, माणसं जमलेली, आणि सगळ्यात उंच खांब पावसानं ओला. चढायचं कुणी? कापडाची गोष्ट वेगळी, पण झेंडा बाईनं लावावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. लखमा हळद आणायला वसमतला गेला होता. दोघांनी प्रयत्न केला, निम्म्यातूनच घसरून खाली आले.

तातेराव म्हणाला, "उद्या लावू. पाऊस उघडू द्या."

धुरपताबाईनं मसाजीचा जुना पटका डोक्याला गुंडाळला, झेंड्याची दोरी दातात धरली आणि चढली. वर पोचल्यावर तिनं दोरी पक्की केली, झेंडा सोडला. त्या क्षणी हिरासिंगनं आपल्या माळवदावरून फोटो काढला. खाली सगळी गल्ली मान वर करून उभी, आणि टोकाला पटका बांधलेलं एक पाठमोरं माणूस, हात झेंड्याच्या दोरीवर.

झेंडा दुपारपर्यंत राहिला. शिपाई यायच्या आत उतरवून रंगाच्या रांजणात बुडवला. शिपायांनी विचारलं, तर गल्लीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं.

हिरासिंगनं तो फोटो भिंतीवर लावला नाही, पण टाकूनही दिला नाही. पुराच्या फोटोच्या मागं, त्याच चौकटीत सरकवून ठेवला. सगळ्या फोटोंच्या मूळ काचा मात्र बाबूमियाच्या घरी निळीच्या रिकाम्या रांजणात नेऊन ठेवल्या. त्या काचांवरून पुन्हा हवे तेवढे फोटो निघतात, हे त्याला आणि बाबूमियालाच ठाऊक.

संक्रांतीच्या आधी गावात नवा अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, आला. त्यानं संशयावरून दुकानांची झडती घ्यायला सुरुवात केली. हिरासिंगच्या भिंतीवरच्या चौकटी शिपायांनी उतरवताना पुराची चौकट फुटली आणि मागचा फोटो जमिनीवर पडला.

अमीनानं तो उजेडात धरला. "ये कौन है?"

"पाठ आहे साहेब. पाठ कोणाची पण असते," हिरासिंग म्हणाला.

त्याला दोन थोबाडीत बसल्या, पण तो त्यापुढं बोलला नाही. अमीनानं सगळ्या चौकटी ठाण्यात नेल्या. टोकावरचा माणूस सडपातळ दिसत होता, आणि गल्लीत सडपातळ, तरणा आणि खांबावर चढणाऱ्या घरातला एकच होता. संध्याकाळी लखमाला घरातून उचललं.

"मी वसमतला व्हतो," लखमा सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. "मग कोण होता?" या प्रश्नाला मात्र त्यानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको भाकर घेऊन गेली, तिला त्याचं सुजलेलं तोंड दिसलं. ती घरी आली ती उंबऱ्यावरच बसली.

गल्लीतले लोक तातेरावाच्या ओट्यावर जमले. धुरपताबाई उभी राहून म्हणाली, "मी जाते ठाण्यात. सांगते, मी चढले म्हणून."

"येडी झालीस काय," तातेराव म्हणाला. "बाईमाणूस ठाण्यात गेली तर गल्लीची काय इज्जत राहील? लखमा गडीमाणूस हाय. चार दिवस सोसंल, सुटंल."

"न्हाई सुटला तर?"

तातेराव पागोटं सारखं करू लागला.

"मी खांबावर चढले तवा गल्लीची इज्जत खाली उभी राहून बघून राहिली व्हती," ती म्हणाली. "माझ्या कामाचा मार त्या पोरानं काहून खायचा? मी केलं, मी सांगंन."

"तुला कोण खरं मानंल?"

"ते मी बघते."

ती निघाली. तिच्या मागं लखमाची बायको निघाली, मग बाबूमियाची बायको हाजराबी बुरखा सावरत निघाली, मग एकेक करत बाकीच्या बाया. तातेरावानं कुणाकुणाला हाक मारली. मागं कुणी पाहिलं नाही.

ठाण्याच्या ओसरीवर अमीन चहा पीत बसला होता. कोपऱ्यात हिरासिंगच्या चौकटी एकावर एक रचलेल्या. बायांचा घोळका बघून त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब, लखमाला सोडा. झेंडा मी लावला."

अमीन हसला. शिपाईही हसले. "बाई, दिराला वाचवायला आलीस, समजलं. घरी जा. फोटोत मर्द आहे."

"तो फोटो भाईर काढा, दावते."

त्याला गंमत वाटली असावी. त्यानं फोटो पुढं केला.

"हे धोतर न्हाई, माझा कासोटा हाय. पटका नवऱ्याचा, पाऊस व्हता म्हणून बांधला. हाताकडं बघा, बांगडी न्हाई, म्हणून तुमाला गडी वाटला. मी रांडमुंड बाई, बांगडी कुठून येणार?"

अमीनाचं हसू कमी झालं. फोटोतला माणूस इतका बारीक होता की तिनं म्हटलेलं खरं, की त्याला वाटलेलं, हे सांगता येत नव्हतं. त्यानं चौकटींकडं बोट केलं. "इतके फोटो आहेत तुमच्या गल्लीचे. मी सगळे पाहिले. तू एकातही नाहीस."

धुरपताबाई चौकटींजवळ गेली, खाली बसली आणि एकेक उचलू लागली.

"ही विहीर. घागरीवरचा हा हात माझा. हे लुगड्याखालचे पाय माझे. ही पुरातली पाठ, ती बी माझीच. शेळी हाजराबीची व्हती, इचारा तिला."

"सही बात है," हाजराबी बुरख्यातून म्हणाली.

"चेहरा कुठंय?" अमीन म्हणाला. "हात, पाय, पाठ. चेहऱ्याशिवाय मी काय मानायचं?"

"चेहरा आमच्या गड्यांनी कधी काढू दिला न्हाई. आता तुमी बी तेच म्हणून राहिले. तुमाला बाई चढली हे पटंना, म्हणून एका निर्दोष गड्याला मारता. बराबर हाय का हे?"

"औरत इतक्या उंच चढत नाही," अमीन चिडून म्हणाला. "बस. निघा इथून."

ठाण्यासमोर सरकारी निशाणाचा सागवानी खांब होता, रंगारगल्लीतल्या खांबापेक्षाही उंच. धुरपताबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग तिनं कासोटा खोचला, तळहातांना माती चोळली आणि कुणाला कळायच्या आत दोन पुरुष उंच चढून गेली.

"उतर! ए, उतर खाली!"

ती चढत राहिली. बाजारच्या दिवसामुळं रस्त्यावर गर्दी होती. बैलगाड्या थांबल्या. कुणी म्हणालं रंगाऱ्याची बाई हाय, कुणी म्हणालं निशाण काढायला चढली. ती अगदी टोकाला पोचली, निशाणाच्या हातभर खाली, आणि खांबाला पाय गुंडाळून थांबली.

अमीन घाबरला तो निशाणासाठी. भर बाजारात, त्याच्या ठाण्यासमोर, एका बाईनं निशाण फाडलं तर वर काय जबाब द्यायचा? त्यानं शिपायाला चढायला सांगितलं. शिपायानं बूट काढले, हातभर चढला आणि घसरून बुडावर आपटला. गर्दी हसली. बंदूक दाखवावी, तर खाली शेकडो डोळे.

"पटलं का साहेब?" वरून आवाज आला. "का अजून चढून दावू?"

"पटलं! उतर आता!"

"आधी लखमाला भाईर आणा. त्याच्या घरच्यांसोबत धाडा. तवर मी हितंच बसते. मला वाळत घातलेल्या कापडासंगं दुपार काढायची सवय हाय."

खालची गर्दी वाढत गेली. तिच्या पिंढऱ्या थरथरताना खालून दिसत होत्या. शेवटी अमीनानं हात हलवला. लखमाला बाहेर आणलं. त्यानं वर पाहिलं आणि तो रडायला लागला. "वैनी, खाली या! पडाल!"

"तू आधी घरी जा. बायकोचा हात धर अन् नीघ. मागं बघू नगं."

तो दिसेनासा झाल्यावर ती उतरली. निशाणाला तिनं बोटही लावलं नव्हतं. हातांची सालं निघालेली होती. अमीनानं तिला तिथंच पकडलं.

"आता खरं वाटलं ना? मंग धरा," ती म्हणाली, आणि हात पुढं केले.

तिला परभणीच्या तुरुंगात नेलं. तिनं तिथं उन्हाळा काढला, पावसाळ्याचा मोठा भाग काढला. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं, तुरुंगाची दारं उघडली. ती रेल्वेनं हिंगोलीला आली तेव्हा अंगात कणकण होती आणि केस निम्मे पांढरे झाले होते.

स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. तातेरावानं हार आणला होता. तिला गल्लीत आणलं, तर विहिरीजवळ खुर्ची मांडली होती आणि हिरासिंग तिकाटणं लावून उभा होता.

"धुरपता, तू खुर्चीवर बस," तातेराव म्हणाला. "आमी समदे मागं उभे राहतो. गल्लीचा फोटो होऊ दे."

"फोटो होऊ द्या. पण खुर्ची उचला," ती म्हणाली. "अन् दादा, तुमी समदे गडी जरा तिकाटण्याच्या मागं व्हा. आज बायांचा फोटो."

"आमी न्हाईच यायचं?"

"तुमचे लई फोटो झाले."

कुणीतरी फिसकन हसलं. तातेरावाचं तोंड लाल झालं. मग तो हार हातात घेऊनच हिरासिंगच्या मागं जाऊन उभा राहिला. बाया लाजत, एकमेकींना ढकलत विहिरीच्या काठावर आल्या. एका नवऱ्यानं पदर पुढं ओढायची खूण केली. "ज्याची त्याची मर्जी," धुरपताबाई मोठ्यानं म्हणाली, "पर मर्जी बाईची." हाजराबीनं जरा विचार केला आणि बुरख्याची जाळी वर केली. लखमाच्या बायकोनं पदर होता तसाच ठेवला.

"जरा हसा," हिरासिंग काळ्या फडक्यातून म्हणाला.

"काहून?" धुरपताबाई म्हणाली.

हिरासिंगनं तसाच फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. भिंतीवर बाबूमियाच्या रांजणातल्या काचांवरून काढलेले जुने फोटो परत लागले होते, नवा फोटो टेबलावर वाळत होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. घरात आरसा हातभरही नव्हता. आपण बाकीच्यांमध्ये उभ्या कशा दिसतो, हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं. कपाळावर आठी, जबडा घट्ट, नजर सरळ समोर.

"मी अशी दिसते?"

"हो. अशीच," हिरासिंग म्हणाला. "जरा रागीट आली. दुसरा काढू?"

तिनं आणखी थोडा वेळ पाहिलं.

"नगं," ती म्हणाली. "बरी हाय की." आणि भट्टी पेटवायची वेळ झाली होती म्हणून गल्लीत वळली.