चिकूच्या झाडावरची चौदा गाणी

मित्रांनो, मी जिंकले आणि कॉम्प्युटर हरला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण आत्मवृत्त जन्मापासून सांगायची पद्धत आहे, आणि जन्मताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी एक जुनी सीडी आहे. १९९९ साली वसईजवळच्या सातिवलीत, कारखान्याच्या एका गाळ्यात, प्लास्टिकच्या दाण्यांपासून माझा जन्म झाला. एकाच दिवशी आम्ही पाचशे बहिणी जन्मलो. सगळ्या गोल, सगळ्या चकचकीत, सगळ्यांच्या मधोमध भोक. भुईगावच्या ॲन्सेल्म आजोबांच्या बँडची चौदा गाणी आमच्या अंगावर कोरलेली होती.

त्यातलं नववं फार मोलाचं. ती धून आजोबांनी स्वतः बांधली होती. घरातली मुलगी लग्नासाठी चर्चला निघाली, की उंबऱ्यापाशी उभं राहून ते ट्रम्पेटवर ती वाजवत. त्यांच्या तीन बहिणी आणि दोन मुली त्याच सुरांवर घराबाहेर पडल्या. पुढे आजोबांचे दात गेले, दातांबरोबर फुंक गेली, आणि बँडही मोडला. नात इनेझ तेवढी लग्नाची राहिली होती. तिच्यासाठी ती धून आता फक्त सीडीवर होती.

आमचा खप बेताचाच झाला. ज्यांनी घेतलं त्यांनी आजोबांचं मन राखायला घेतलं. वर्षभरात माझ्या चारशे नव्व्याण्णव बहिणी आसपासच्या वाड्यांत झाडांना टांगल्या गेल्या. सीडी उन्हात चमकली की पाखरं बुजतात, असं तिथे सगळे मानतात. पाखरांना कुणी विचारलेलं नाही. ऊन-पावसात त्या बिचाऱ्या इतक्या झिजल्या, की त्यांच्यातून पलीकडचं नारळाचं झाड दिसू लागलं.

मी तेवढी वाचले. आजोबांचे चिरंजीव युजीन यांच्या शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर माझा मुक्काम असे. दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की मला वाजवत. पाहुणे म्हणत, "वा! बँड दारातच उभा आहे असं वाटतं." मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

२००६ साली घरात कॉम्प्युटर आला. इनेझचा धाकटा भाऊ फ्लॉईड तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणजे त्याला सगळं येत होतं. त्याने मला कॉम्प्युटरच्या पोटात ढकललं आणि दोनदा टकटक केलं.

"पप्पा, बघा! चौदा गाणी, दोन सेकंदांत कॉपी!"

"दोन सेकंदांत?" आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले. "मला एक वाजवायला चार मिनिटं लागायची रे बाबा."

"आजोबा, तेव्हा टेक्नॉलॉजी नव्हती."

"तेव्हा श्वास होता."

फ्लॉईडने नववं गाणं लावून दाखवलं. ते खणखणीत वाजलं. सगळ्यांनी कॉम्प्युटरचं कौतुक केलं. मी अजून त्याच्या पोटातच आहे आणि गाते आहे ती मी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मग हिचं काय करायचं?" युजीनने विचारलं.

"वाडीत टांगा. चिकूला पोपट लागलेत."

माझ्या भोकातून नायलॉनची दोरी गेली. पहिल्या दिवशी पोपट घाबरले. तिसऱ्या दिवशी एक पोपट माझ्यात बघून मान फिरवू लागला. सहाव्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. सातव्या दिवशी त्याने माझ्या अंगावर जे केलं, ते आत्मवृत्तात लिहीत नाहीत.

बाराव्या दिवशी इनेझचं लग्न होतं. चार वाजता चर्च. ओट्यावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले माणसाएवढे स्पीकर. पांढरा गाऊन घालून इनेझ उंबऱ्याच्या आत उभी राहिली. फ्लॉईडने क्लिक केलं. कॉम्प्युटर म्हणाला, सीडी घाला. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. चौदाही वेळा तेच. फ्लॉईडने कॉपी केली ती गाणी नव्हतीच, गाण्यांचे पत्ते होते. पत्त्यावर राहणारी मी झाडावर होते.

"फ्लॉईड, मी उभी आहे," इनेझ म्हणाली.

"दीदी, दुसरं लावू? माझ्याकडे चारशे गाणी आहेत."

"मग चारशे वेळा तूच लग्न कर. आजोबांची धून लागल्याशिवाय मी पाय बाहेर टाकणार नाय."

युजीनने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा वाडीकडे पाहिलं, आणि सुटाबुटात चिकूवर चढायला सुरुवात केली. खालून चाळीस पाहुणे एकदमच सूचना देत होते.

"अंकल, डावी फांदी!"

"टाय अडकलाय, टाय!"

"चिकू नका तोडू, कच्चे आहेत!"

मला खाली आणलं, नळाखाली धरलं, त्याच टायने पुसलं आणि आत सरकवलं. मी जराशी कुरकुरले. मग फिरले. आणि मित्रांनो, मी वाजले! अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ट्रम्पेट माझ्यातून निघाला. इनेझने पाय उचलला.

अर्ध्यावर माझ्या अंगावरचा ओरखडा आला. मी अडकले. पँ, पँ, पँ. इनेझचा पाय हवेतच राहिला. तेव्हा आजोबा काठी टेकत उठले, बोळकं तोंड उघडलं आणि पुढची ओळ त्यांनी तोंडानेच वाजवली. "ता ऽ रारा री ऽ रा!" त्यांनी ओळ संपवली तेवढ्यात माझी वाट मोकळी झाली, आणि पुढची ओळ मी नेमकी त्यांच्याच सुरात उचलली. इनेझ उंबऱ्याबाहेर पडली. ओट्यावर अशी आरोळी उठली की चर्चमध्ये थांबलेल्या फादरना कळवायची गरज उरली नाही.

मित्रांनो, फायलींशी माझं वैर नाही. फक्त कॉपी केल्यावर आधी सीडी बाहेर काढा, मग गाणं लावून बघा, आणि वाजलं तरी सीडीला झाडावर पाठवू नका. पाठवलीच, तर राखणीचा हक्क तरी तिला द्या.

सबब, मा. तहसीलदारसाहेब, वसई यांना सविनय विनंती, की सदर सीडीने उपरोक्त चिकूची वाडी सलग अकरा दिवस प्रत्यक्ष राखली असल्याने तिचं नाव कूळ म्हणून सातबाराच्या उताऱ्यावर लावण्यात यावं. पुराव्यादाखल अर्जासोबत मूळ सीडी जोडली आहे. पाहून झाल्यावर कडेला धरून परत करावी.