डोळे मिटा

"डोळे मिटा," आमचे हे म्हणाले, आणि योगाच्या वर्गातल्या सगळ्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. मी मागच्या सतरंजीवर एक डोळा किलकिला ठेवून बसले. ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला होता. तरी अंगठा थरथरत होताच.

पूर्वी हे डोळे मिटणं वर्गाच्या शेवटी असायचं, तेही थोडा वेळ. आता निम्माअधिक तास त्यातच जातो. ज्ञान, भक्ती, कर्म, ध्यान, वाट कुठलीही धरा, पोचायचं एकाच घरी, असं हे मिटल्या डोळ्यांपुढे सांगत राहतात. लोकांना वाटतं, सर हल्ली फार खोलात गेलेत. शिवणकाम करणाऱ्या बाई परवा जिन्यात मला म्हणाल्या, "सरांचा आवाज ऐकला की मन कसं निवतं हो." मी मान डोलावली. काय बोलणार, कपाळ?

सगळा घोळ ह्यांच्याच जुन्या वाक्याचा आहे. अंग हललं की मन हललं समजा. कोणी जरा चुळबुळ केली की हे ऐकवायचे. आता डॉक्टर म्हणतात, नसांचा आजार आहे, मनाचा यात काही दोष नाही, गोळ्या घ्या. ह्यांना ते पटत नाही. ह्यांच्या मते आजवरची साधनाच खोटी निघाली.

आज सकाळी कपबशी हातात खडखडली आणि चहा सदऱ्यावर सांडला. मी पुसायला गेले.

"राहू दे," हे म्हणाले. "आयुष्यभर लोकांना स्थिर व्हा म्हणून सांगितलं. मीच झालो नाही."

"चार वाटा सांगता ना? त्यातल्या एकीवर तरी गोळीला बंदी आहे का?"

"थट्टा नको गं. आधी अहिंसा, म्हणजे कोणाला दुखवायचं नाही, आणि मग सत्य, असं शिकवतो मी. आणि लोकांना डोळे मिटायला लावून हात लपवतोय."

"मग सांगून टाका. वर्ग मोडला तर मोडला."

मी म्हणाले खरी, पण मनातून मलाच ते नको होतं. वर्ग गेला तर हा माणूस उरेल किती, या धास्तीने मला घास गिळवत नाही.

म्हणून मी आज वर्गात जीव मुठीत धरून बसले होते. बोलता बोलता हे थांबले. मग म्हणाले, "डोळे उघडा. मला काहीतरी दाखवायचंय." डावा हात त्यांनी बाजूला घेतला. उजवा मोकळा सुटला आणि मांडीवर आपटू लागला.

कोणीच डोळे उघडले नाहीत.

"उघडा," हे पुन्हा म्हणाले.

पुढच्या रांगेतले निवृत्त कंडक्टर डोळे मिटूनच हळू बोलले, "असू द्या सर. माहितीये आम्हाला. केव्हाचंच."

शिवणकामवाल्या बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं. आधी अहिंसा. शिकवलेलं सगळ्यांनी बरोब्बर गिरवलं होतं.

ह्यांचा चेहरा उतरला. माया होती ती, मला कळत होतं, तरी संताप आला. एवढं बळ गोळा करून माणूस खरं दाखवायला बसला, आणि बघायला कोणी नाही. ह्यांनी एकेका मिटल्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, आणि शेवटी मागे माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही डोळे उघडले. हात हलत होता. ह्यांनी तो पुन्हा दाबून धरला नाही, आणि मी बघत राहिले.