नखावरचं औषध

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, सिराजुद्दीनच्या हाताची बिर्याणी खाल्ली नाही असा कोकणी माणूस शोधूनही सापडला नसता. हज-उमऱ्याचे यात्रेकरू उतरतात अशा एका हॉटेलच्या भटारखान्याचा तो मुख्य. बायकोच्या, हफीजाच्या, धाकट्या भावाला त्यानंच स्वतःच्या शब्दावर दापोलीहून इथं आणलं आणि कांदा कापण्यापासून शिकवलं. आपल्या माणसाचं भलं करायला गेला, दुसरं काय! शारीक त्याचं नाव.

सिराजच्या उजव्या हाताच्या दोन नखांना बुरशी लागली. नखं पिवळी पडली, जाड झाली, कडेनं त्यांचा भुगा व्हायला लागला. रांधणाऱ्याची नखं अशी असली की आरोग्यकार्ड अडतं, आणि कार्ड अडलं की चूल सुटते. सिराजची झोप उडाली.

दवाखान्यात हैदराबादची डॉक्टरीणबाई होती. तिनं गोळ्यांसाठी रक्त तपासलं, तर यकृत आधीच सुजलेलं. गोळ्या बाद. लेझर खिशाबाहेरचं, आणि त्यानं गुण येईलच याची हमी नाही. नख काढून टाकावं, तर खालून पुन्हा तसंच उगवायची भीती. उरलं नखाला लावायचं औषध, नेलपॉलिशसारखं, बिनरंगाचं. "रोज लावायचं, आठवड्यातून एकदाच पुसायचं, आणि महिनोन्‌महिने धीर धरायचा," तिनं हिंदीत बजावलं.

इथं आली पंचाईत. नखावर थर असला की नमाजेआधी हातपाय धुतात त्या वजूचं पाणी नखाला लागत नाही, आणि वजू नाही तर नमाज कसली? गावाकडं पोरींना नेलपॉलिशवरून हेच ऐकवतात. बाईमाणसाला काय विचारायचं म्हणून सिराजनं डॉक्टरणीपुढं हा विषय काढलाच नाही. मशिदीचे इमाम अरब, आणि याची अरबी भाजीबाजारापुरती. शारीक मदरशात शिकलेला, फाडफाड अरबी बोलायचा. सिराजनं त्यालाच विचारायला पाठवलं.

शारीक आला तो मान हलवतच. "नाही चालत, भाई. वजू करायच्या आधी दर वेळी पुसा, नमाज झाली की परत लावा."

झालं! अजान झाली की सिराजच्या हातात स्पिरिटचा बोळा. औषध नखावर बसायच्या आत उतरायचं. नखं काही सुधारेनात. तो डॉक्टरणीला "रोज लावतो" एवढंच सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. बाटलीमागून बाटली संपली. मग कार्डाच्या तपासणीचा दिवस आला. तपासनिसानं नखं पाहिली आणि सिराजला भटारखान्यातून बाहेर काढलं.

हॉटेलवाल्यानं उपकार म्हणून त्याला धुलाईत टाकलं. दिवसभर ओल्या चादरी, साबण, सोडा. बुरशीला आणखी काय पाहिजे? तिसरं नखही गेलं. बिर्याणीचा झारा शारीकच्या हातात आला.

सिराजचा जीव राहिना. एका शुक्रवारी तो स्वतःच इमामांपुढं गेला. नखं दाखवली, बाटली दाखवली, येत होती तेवढी अरबी जुळवली. इमामांनी त्याचा हात हातात घेतला आणि सावकाश, त्याला कळेल असं सांगितलं, "हा इलाज आहे. पुसू नकोस. वरून ओला हात फिरव, वजू झाली. तुझ्या माणसाला मी हेच सांगितलं होतं. त्यानं तुला सांगितलं नाही?"

सिराज तडक भटारखान्याच्या दारात गेला. "इमाम काय म्हणाले होते रे तुला?"

शारीकनं झारा खाली ठेवला नाही. "मी किती वर्षं तुमच्या हाताखाली कांदेच कापायचे, भाई?"

सिराजला वाटलं, दोन थोबाडीत द्याव्यात. पण हफीजानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "माझ्या भावाचं तुम्ही सोनं केलंत. अम्मी रोज तुमच्यासाठी दुआ करते." तिला काय सांगणार? आणि कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात अजान झाली. शारीकनं टोपी घातली. "चला भाई, नमाजेची जमात उभी राहील."

सिराजनं वजू केली. बोळा घेतला नाही, औषधावरून ओला हात फिरवला. रांगेत जागा मिळाली ती नेमकी शारीकच्या खांद्याला खांदा लावून. आज वजूत काडीची खोट नव्हती. पण नमाज झाली असं त्याला वाटेना, कारण पहिल्या रकातीपासून शेवटचा सलाम फेरेपर्यंत तो मनात शारीकला शिव्या देत होता.