कानसबाईचा पंख

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण साक्षीदार याच खोलीत आहे, मागच्या बाकावर चहा फुंकत बसलाय.

शर्यतीच्या गाड्यांचे पंख घासणारी एक बाई होती. हातातली कानस कधी सुटायची नाही, म्हणून नाव पडलं कानसबाई. गाडी चालवायची तिची सख्खी भाची. म्हणजे पंख चुकला तर भिंतीवर आदळणार ते घरचंच माणूस.

संघाच्या मोठ्या साहेबांनी विमानाच्या पंखांच्या पुस्तकातून एक आकार निवडला, उलटा केला आणि म्हणाले, "विमानाला उचलतो तो गाडीला दाबेल. घास."

तिने घासला. खालच्या अंगाला लोकरीचे धागे चिकटवले आणि भाचीला धीम्या वळणावर पिटाळलं. वारा पंखाला धरून वाहिला की धागे शहाण्यासारखे पडून राहतात. हे तर अंगात आल्यासारखे नाचत होते.

"मावशी, वळणात मागची चाकं सुटतायत," भाची म्हणाली.

कानसबाईने साहेबांना गाठलं. "साहेब, पुस्तकातले आकडे विमानाच्या वेगाचे. आपली गाडी वळणात रांगते. वारा पंख सोडून पळतोय."

"तू कानस चालव. डोकं मी चालवतो."

"मग आजपासून दोन्ही मीच चालवते."

तिने पंखाचं नाक बोथट केलं, बाक वाढवला, मागे छोटं पातं जोडलं आणि मध्ये बोटभर फट ठेवली, थकल्या वाऱ्याला ताज्या वाऱ्याचा धक्का मिळावा म्हणून. धागे निजले.

भाची जिंकली. साहेब मात्र सांगत सुटले, पुढचा गडी घसरला म्हणून जिंकली. कानसबाईने कानस खुंटीला टांगली. "त्यांच्या तोंडून खरं निघेपर्यंत घासणार नाही." आज सहावा दिवस.

आता खरं ऐका. शेवटच्या फेरीत पंखाने गाडी अशी दाबली की डांबर कणकेसारखं दबलं. पुढे पूल, वाट अडलेली. पोरीने गाडी भिंतीवरून चढवली ती थेट पुलाखाली उलटी, पालीसारखी चिकटवून पुढच्याच्या डोक्यावरून नेली. जाताजाता त्याच्या हेल्मेटवरची धूळही झटकली.

मागचा बाक करकरला.

"साफ खोटं," मोठे साहेब कप आपटत म्हणाले. "तिथे पूलच नाही. आणि कुणी घसरलंबिसरलं नाही, त्याच धीम्या वळणात ती बाहेरून पुढे गेली. मी डोळ्यांनी पाहिलंय."